पाट्याला घासलेलं कडं

सहा वर्षं माझ्या गळ्यात चांदीचं एक पदक होतं. हे माझ्या आईच्या कड्यातून घडवलंय, असं मी ज्याला त्याला सांगायचे. कुणी विचारायची वाटही बघायची नाही. एस.टी.त शेजारच्या बाईची नजर गळ्याकडे गेली की माझी टकळी सुरू. धुळ्यापासून पारोळ्यापर्यंत ती बिचारी माझ्या आईची कहाणी ऐकत यायची. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

मी चांदीचे दागिने घडवते. जळगावात राहून चांदी घडवणं हा तसा उफराटा उद्योग आहे. सोन्यासाठी माणसं कुठून कुठून या गावात येतात. चांदी म्हणजे पैंजण, जोडवी आणि बारशाचे वाळे, एवढीच तिची पत. मेहरूणला आमच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत माझी ऐरण, शेगडी आणि हत्यारं आहेत. मे महिन्यात तिथं बसणं म्हणजे आपणच मुशीत उतरून बसणं. तरी मी बसते, कारण मला दुसरं काही धड येत नाही आणि हे मात्र चांगलं येतं.

शिकले धुळ्याला. कॉलेजात असताना आम्ही दोघी मैत्रिणी एका म्हाताऱ्या सोनाराच्या माडीवर खोली घेऊन राहायचो. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची. आम्ही दोघी म्हणजे मी आणि ती. तिच्याविषयी पुढे लिहावंच लागणार आहे, मनात नसलं तरी. ती खाली यायची नानांच्या बायकोच्या हातची शेवभाजी खायला, आणि मी यायचे ऐरणीपाशी बसायला. पहिलं वर्षभर नानांनी मला रिठ्याच्या पाण्यात पैंजण घासण्यापलीकडे काही करू दिलं नाही. दुसऱ्या वर्षी हातोडी हातात दिली आणि तिसऱ्या वर्षी फुंकणी.

नानांकडे आसपासच्या खेड्यांतल्या बायका मोड घेऊन यायच्या. मोड म्हणजे जुना दागिना, मोडून नवा करायला दिलेला. अशी बाई आली की नाना हातातलं काम बाजूला ठेवत आणि तिला शेगडीसमोर पाटावर बसवत. तिच्या डोळ्यांदेखत तिचे वाळे, तोडे मुशीत पडत, लाल होत, खचत आणि शेवटी पाण्यासारखे हलू लागत. तोवर बाईनं उठायचं नाही आणि नानांनीही उठायचं नाही. मला म्हणायचे, "बाईले समोर बसाड. तिनी चांदी तिना डोयासमोर पानी व्हवाले जोयजे." काम झाल्यावर उरलेला तुकडा, इतकंच काय कानसीचा कीससुद्धा, गुलाबी कागदात बांधून तिच्या हातात. याच्यात कधी खंड नाही. माझी मैत्रीण जिन्यात उभी राहून हे बघायची, म्हणजे नियम तिलाही तोंडपाठ होता.

लग्न होऊन मी जळगावला आले, ती पण इथंच आली. मुलं मोठी होईपर्यंत माझी हत्यारं पेटीत पडून होती. ती काढायला लावली तिनंच, हे कबूल करायला हवं. "तुझे हात काय भांडी घासायला आहेत का?" असं माझ्या सासूबाईंसमोर म्हणण्याची धमक दुसऱ्या कुणात होती?

मग मी माझं काम सुरू केलं. नानांसारखे तोडे आणि वाळे घडवायचे नव्हते मला. मला आठवत होतं आईच्या हातावरचं गोंदण: मनगटाच्या आतल्या बाजूला पाच ठिपके, त्यांच्याभोवती मोडकी चौकट आणि एक शेपूट नसलेला मोर. आमच्याकडच्या बहुतेक म्हाताऱ्यांच्या हातांवर असं काही ना काही होतं आणि त्या गेल्या की ते त्यांच्याबरोबर जळून जायचं. मी बायकांना सांगायला लागले, तुमच्या आईची जुनी चांदी आणा आणि तिच्या हातावर काय होतं ते मला सांगा. मी त्याच चांदीत तेच गोंदण घडवून देईन. ठिपक्याला चांदीचा एकेक रवा. सांगता येत नसलं तर काढून दाखवा. बायका माझ्या वहीत बोटाएवढी पेन्सिल धरून काढायच्या, खोडायच्या, पुन्हा काढायच्या, आणि मध्येच आईबद्दल असं काही सांगायच्या की मला हातोडी खाली ठेवावी लागायची. या कामात माझा जीव होता. चित्र काढणारा माणूस चित्रात उतरतो म्हणतात, तशी मी यात उतरले होते. आणि या सगळ्याला पाया एकच होता, की चांदी त्यांचीच आहे.

मैत्रीण बाहेरचं बघायची. बोलण्यात ती पटाईत. बायका शोधून आणायची, दागिने पोचवायची, फोन घ्यायची. मी मुलखाची तुसडी, मला ते जमलं नसतं.

नंतर आई गेली. तिच्या दोन हातांतलं एक कडं माझ्या वाट्याला आलं. भरीव, जाड, आणि एका बाजूला अंगठ्याएवढ्या जागेत घासून सपाट झालेलं. आई उभा जन्म पाट्यावर मसाला वाटत आली. वरवंटा पुढे गेला की कडं पाट्याच्या कडेला घासायचं, मागे आला की पुन्हा घासायचं. त्याच्या आतल्या बाजूला दोन खळगे होते, ते माझ्या दुधाच्या दातांचे आहेत असं ती सांगायची. भरीव चांदीवर तान्ह्या पोराचे दात उमटत नाहीत हे मला नानांकडे शिकताना कळलं, पण आईला मी ते कधी सांगितलं नाही.

कडं माझ्या हातात जाईना. हातोडी धरून पंजा रुंद झालेला. म्हणून ठरवलं, इतर बायकांचं करते तसं आपलंही करायचं, आईच्या गोंदणाचं पदक. शेगडी पेटवली, मूस ठेवली आणि कडं चिमट्यात धरलं. पुढे हात जाईना. मैत्रीण शेजारीच होती. ती म्हणाली, "दे इकडे. बाजारातल्या भट्टीवर आटवून आणते. तू बघूच नकोस." मी मान वळवली आणि कडं तिच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी तिनं चांदीची पट्टी आणून दिली. तिचंच पदक मी घडवलं.

नियम मोडला तो असा, माझ्याच हातानं, माझ्याच आईच्या बाबतीत. त्यानंतर तिनंच सुचवलं, की बायकांनाही कशाला समोर बसवायचं? रडतात बिचाऱ्या. शिवाय आजूबाजूचे धुराबद्दल कुरकुरतात. मोड मी नेत जाईन, पट्टी आणून देईन, असं ती म्हणाली. मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, मला हायसं वाटलं. आईच्या कड्यापुढे माझी जी अवस्था झाली होती, ती दुसऱ्या कुणाची बघायला नको, असं मी स्वतःला समजावलं. पट्ट्या फार स्वच्छ यायच्या, पांढऱ्याशुभ्र. खेड्यातली जुनी चांदी अशी नसते, तिच्यात भेसळ असते, ती हातोडीखाली कडक लागते. मी काय केलं? भट्टीवाल्याचं कौतुक केलं.

साक्रीच्या पलीकडच्या एका गावातली बाई त्याच काळात आली होती. अंगणवाडीत मदतनीस. आईचे वाळे जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून आणले होते. पेन्सिल धरायला ती लाजली. मग माझ्या शेगडीतली राख जमिनीवर पसरली आणि तिच्यावर बोटानं आईचं गोंदण काढून दाखवलं, एकदाही न अडखळता. महिन्याभरानं पदक न्यायला आली तेव्हा तिनं ते हातात धरून विचारलं, "ताई, हाई मनी मायनी चांदी शे ना?"

"बठ्ठी, सगळी तुमच्या मायचीच," मी छातीठोक म्हणाले. तिनं ते गालाला लावलं.

यंदा संक्रांतीनंतर एक मुलगी आली. कुणाकडून तरी माझं नाव कळलेलं. नोकरीला पुण्यात, माहेर जळगावचं, बोलायला गोड. पर्समधून एक कडं काढून म्हणाली, "ताई, हे मला सैल होतं, लहान करून द्याल का?" मी हात पुढे केला. बघण्याआधी माझा अंगठा त्या सपाट जागेवर गेला. मग मी आतून बोट फिरवलं. दोन खळगे.

तिनंच सांगितलं, की जुन्या चांदीचं प्रदर्शन होतं, तिथं घेतलं. पहिल्या पगारातून. सोबत छोटं कार्डही होतं, खानदेशातला अस्सल जुना दागिना म्हणून. माझ्या तोंडून निघून गेलं, "हे माझ्या आईचं आहे."

ती छान हसली. "हो ना? माझ्या आत्यालाही बघितल्यावर तिच्या आईचं आठवलं. जुन्या वस्तूंचं असंच असतं."

तिनं पुढे दाखवलं कुठून कापायचं ते. "ही घासलेली बाजू काढून टाका ना, तेवढंच लहान होईल आणि दिसायलाही बरं दिसेल." आठ दिवसांनी येते म्हणून ती कडं माझ्याकडे ठेवून गेली.

मी तशीच रिक्षा करून मैत्रिणीच्या घरी गेले. तिनं चहा टाकला. मी कडं ओट्यावर ठेवलं. तिनं बघितलं, गॅस बारीक केला आणि म्हणाली, "बस."

"बसायला नाही आले."

मला वाटलं होतं ती कानावर हात ठेवील. रडेल तरी. तिनं दोन्ही केलं नाही. म्हणाली, "तुझ्या आईचं कडं आज शाबूत आहे ते माझ्यामुळे. तू तर मुशीत घालायला निघाली होतीस. असं काम आता कोण करतं? मला बघवलं नाही."

त्यात खोटं काही नव्हतं. मी खरंच निघाले होते.

"मग मला परत का नाही दिलंस? विकलंस कशाला?"

ती चहा गाळत राहिली.

"बाकीच्यांचं? त्यांच्या आयांचे वाळे, तोडेही विकून बाजारची पट्टी आणायचीस?"

"अगं, चांदी ती चांदी," ती म्हणाली. "गोंदण तू करत होतीस ना मनापासून? तेच तर त्यांना हवं होतं. आणि तुझ्यासारखीच्या हाताला फरक कळला नाही, तर त्यांना काय कळणार होता?"

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. तिनं विकलं याचा राग आलाच, पण हे वाक्य त्याहून खोल गेलं. माझ्या हातांची मला घमेंड होती आणि तिनं सहा वर्षं त्याच हातांवर विसंबून माझी फसवणूक केली होती. नानांच्या जिन्यात उभं राहून नियम ऐकलेली ही बाई. चहा तसाच टाकून मी निघाले. पायरीवर ती मागून म्हणाली, "एवढ्यासाठी तीस वर्षांची मैत्री तोडणार का?" मी मागे वळून जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या दारातली बाई आत पळाली एवढंच सांगते.

घरी आले आणि माझ्या डोक्यात जे आलं तेही लिहिते, कारण त्याची मला आजही लाज वाटते. कडं आठ दिवस माझ्याकडे होतं. तसंच दुसरं घडवणं मला अवघड नव्हतं. तिनं ते लहान करून, घासलेली बाजू काढून मागितलं होतं. म्हणजे जे ओळखायचं तेच त्यात असणार नव्हतं. त्या मुलीला जन्मात कळलं नसतं. ती खूश, मी खूश. आई माझ्याकडे.

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच कामाला बसले. चांदीचा गज तापवला, ठोकला, गोल केला. हात सरसर चालत होता, इतका की माझं मलाच नवल वाटलं. फसवायचं ठरवल्यावर काम किती सुरेख होतं! दुपारपर्यंत कडं जवळजवळ तयार झालं होतं आणि मी आईचं नि ते शेजारी शेजारी ठेवून बघत होते, तेवढ्यात दार वाजलं.

साक्रीची ती बाई होती. पदकाची कडी झिजली होती, तेवढी बदलून हवी होती. जळगावला कसल्याशा प्रशिक्षणाला आली होती. येताना तिनं मला चारोळ्या आणल्या होत्या, पुडीत. मी कडी बदलून पदक तिच्या हातावर ठेवलं आणि तिनं सवयीनं, नुसतं बोलायचं म्हणून, हसत विचारलं, "हाई मनी मायनी चांदी शे ना, ताई?"

ऐरणीवर आईचं कडं आणि माझं नवं कडं शेजारी शेजारी होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. तिला सांगितलं, "नाही."

मग सगळं सांगितलं. मैत्रिणीचं, बाजारच्या पट्टीचं, माझ्या वळवलेल्या मानेचं. तिला पुरतं कळायला वेळ लागला. ती मध्येच म्हणाली, "मंग मनी मायना वाळा कोठे शेतस?" मी म्हणाले, माहीत नाही. विकले गेले. कुणाच्या तरी पायात असतील, नाहीतर कुणाच्या दिवाणखान्यात. वाटलं ती शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. तिनं पदकाच्या ठिपक्यांवरून एकदा बोट फिरवलं, जसं तेव्हा राखेवरून फिरवलं होतं, आणि ते माझ्या हातात परत दिलं.

"गोंदण तर तुमच्या मायचंच आहे," मी म्हणाले. म्हणताना लक्षात आलं, हे मैत्रिणीचंच बोलणं मी उचललं होतं.

"माय नही, ते हाई घालीसन काय करू?" ती म्हणाली. पदर सारखा केला आणि गेली. चारोळ्यांची पुडी तिथंच राहिली.

त्यानंतर मी वही घेऊन इतर बायकांना फोन करायला सुरुवात केली. अजून सगळ्यांना झालेले नाहीत. एक जण म्हणाली, कशाला सांगितलंस, मी सुखात होते. तिचंही बरोबर आहे.

नवं कडं मी त्याच संध्याकाळी ठोकून वेडंवाकडं केलं.

आठव्या दिवशी ती मुलगी आली. मी तिला शेगडीसमोर पाटावर बसवलं. ती म्हणाली, मी फिरून येते ना तासाभरानं, मेहरूण तलावावर जाऊन येते. मी म्हणाले, इथंच बसायचं, माझ्याकडे तशी पद्धत आहे. तिला गंमत वाटली असावी. तिच्यासमोर मी आईचं कडं चिमट्यात धरलं, तिनं सांगितलेल्या ठिकाणी करवत लावली, एकीकडून आणि मग दुसरीकडून. सपाट तुकडा कीस झेलायला पुढ्यात पसरलेल्या कातड्यावर पडला. तोंडं जुळवली, टाका लावला, कानस फिरवली, रिठ्याच्या पाण्यात घासलं. आतल्या बाजूचे दोन खळगे तेवढे वाचले, ते पलीकडच्या बाजूला होते.

तुकडा आणि कीस गुलाबी कागदात बांधून मी पुडी तिच्यापुढे धरली.

"हे कशाला?" ती म्हणाली.

"तुमचं आहे."

ती घ्यायला नको म्हणेल, असं मला एक क्षण वाटलं. खोटं कशाला बोलू, मी त्याची वाट बघत होते. तिनं पुडी घेतली, पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, "बरं झालं, याची अंगठी होईल कधीतरी." कडं हातात घालून तिनं मनगट असं तसं फिरवलं. छान बसलं होतं. मी तसं सांगितलंही.

ती गेल्यावर शेगडी अजून धगधगत होती. मी गळ्यातलं पदक काढलं आणि मुशीत टाकलं. पाच ठिपके, मोडकी चौकट आणि तो शेपूट नसलेला मोर. आधी ठिपके गेले, मग मोर. पाटावर बसून मी शेवटपर्यंत बघत राहिले. या वेळी मान वळवली नाही. वळवण्यासारखं त्यात काही नव्हतं, बाजारची चांदी होती.